सोलापुरात कॉकटेलची संध्याकाळ, आणि ग्लासात सोलापूरचंच डाळिंब का नाही?

माळावरची:

सोलापूर जिल्हा म्हटलं की डाळिंब, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस, जिकडे पाणी कमी तिकडे डाळिंबानं संसार उभे केले. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र शहराच्या वेशीवर केगावला आहे. आणि याच शहरातल्या एका मोठ्या, नीटनेटक्या हॉटेलच्या बारमध्ये मला डाळिंबाचं म्हणून जे दिलं, त्यात डाळिंबाचा थेंब नव्हता. हा धागा त्यासाठी काढते आहे.

निमित्त आनंदाचं होतं. नणंद आणि तिचे यजमान बंगळुरूहून आले होते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. ते दोघं कॉकटेलचे दर्दी. ह्यांना गाडी चालवायची होती, म्हणून ते घेणार नव्हते. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका हॉटेलची नाहीच. पुण्यामुंबईच्या भारी बारमध्येही हेच चालतं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. काउंटरवरचा मुलगा अक्कलकोटकडचा. वय असेल पंचविशीच्या पुढे-मागे, पण हात स्थिर. दाजींनी ओल्ड फॅशन्ड मागितलं. त्यानं जाड बुडाच्या ग्लासात साखर, बिटर्सचे म्हणजे कडवट अर्काचे थेंब, मग व्हिस्की आणि काचेसारखा पारदर्शक बर्फाचा एकच मोठा तुकडा घातला. लांब दांड्याच्या चमच्यानं ढवळत राहिला, घाई नाही. शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर धरून पिळला, तेव्हा सालीतल्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला. दाजी म्हणाले, बंगळुरूत याच्या दुप्पट पैसे देऊन असं मिळत नाही. दारू, साखर, पाणी आणि बिटर्स ही कॉकटेलची व्याख्या अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात १८०६ साली छापून आली होती. दोनशे वर्षं उलटली तरी ते चार जिन्नस तसेच आहेत, आणि आपल्या गावात ते इतक्या जीव लावून कुणी बनवतंय याचा मला अभिमान वाटला.

मग नणंदेनं टकीला सनराइज मागितलं. संत्र्याचा रस आणि टकीला, आणि वरून सोडलेलं ग्रेनेडीन नावाचं लाल सरबत. ते जड असतं, म्हणून तळाला जाऊन बसतं आणि ग्लासात खालून वर लाल ते पिवळा असा रंग चढतो. दिसायला सुरेख. मी बकार्डी कॉकटेल सांगितलं. मेन्यूत नव्हतं, पण मुलानं ओळखलं आणि करून दिलं: पांढरी रम, लिंबाचा रस, ग्रेनेडीन. ग्रेनेडीन म्हणजे मुळात डाळिंबाचा रस आणि साखर, दुसरं काही नाही. मी डाळिंबवाल्याची लेक आहे, सांगोल्याजवळच्या माळावर वाढलेली. पहिल्या घोटात कळलं. गोड होतं, आंबट होतं, लालभडक होतं. पण डाळिंबाला जी तुरट बाजू असते, घोट गिळल्यावर जिभेच्या कडेला राहते ती, तिचा पत्ता नव्हता. मुलाला विचारलं, बाटली दाखवशील का? त्यानं लगेच पुढे ठेवली. मागच्या लेबलावर साखर, पाणी, आम्ल, रंग आणि स्वाद. फळाचं नाव कुठेच नाही.

त्यालाही वाईट वाटलं. म्हणाला, मॅडम, माझ्या मामांची बाग आहे, पण वरून जे येतं तेच वापरायचं.

या बकार्डी कॉकटेलवरून न्यूयॉर्कमध्ये खटला झाला होता. १९३६ साली कोर्टानं निकाल दिला की त्या नावानं विकायचं तर रम बकार्डी कंपनीचीच हवी. रमच्या खरेपणासाठी लोक कोर्टापर्यंत गेले. त्याच ग्लासातल्या डाळिंबासाठी कुणी उभं राहिलं नाही, आणि हळूहळू जगभरच्या बारमधून खरं डाळिंब निघून गेलं. निदान सोलापुरात तरी ते परत यावं असं मला मनापासून वाटतं. तडकलेली फळं आमच्याकडे अक्षरशः मातीमोल जातात, आणि बारमध्ये रंगीत साखरेचे पैसे आपण आनंदानं मोजतो. यातून वाट कशी काढायची, यावर जाणकारांनी लिहावं.

होटगीरोड:

लै भारी लिहिलंय ताई. मी तर आजवर ते लाल म्हणजे चेरीचं सरबत समजत होतो. वर चेरी ठेवलेली असते की.

एक विचारायचं होतं. आम्ही मित्र मिळून एकदा अशा बारमध्ये जायचं म्हणतोय. दरवेळी हायवेवरचं परमिट रूम, तेच टेबल, तेच उकडलेले शेंगदाणे. पण मोठ्या हॉटेलात कपडे कसले, परवाना लागतो का, बिल किती होईल, काहीच कल्पना नाही.

नवीपेठ_वकील:

होटगीरोड, परवान्याचं सांगतो, कारण यावर लोकांचा फार गोंधळ असतो.

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, वर्षाचा शंभर रुपयांचा आणि आजीवन हजार रुपयांचा. वारंवार जाणार असाल तर आजीवन काढून ठेवा, डोक्याचा ताप जातो. वयाची अट व्हिस्की, रम, जिन वगैरेंसाठी २५ वर्षं, बिअर आणि वाइनसाठी २१. कॉकटेलमध्ये कडक दारू असते, तेव्हा २५ धरा. तुमच्यात कुणी लहान असेल तर त्याच्यासाठी हट्ट करू नका, अडचणीत बारवाला येतो.

बिलात दोन गोष्टी पाहा. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. खाण्यावर आणि बिनदारूच्या पेयांवर जीएसटी. म्हणून दोन वेगळे हिशेब दिसतात, त्यात फसवणूक नाही. दुसरं म्हणजे सेवा शुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की ते आपोआप बिलात लावता येत नाही. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. वेटरच्या हातात मनानं द्या, ते जास्त चांगलं.

आणि गाडी. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. ताईंच्या यजमानांनी केलं तेच करावं. एकानं घ्यायचं नाही, किंवा सगळ्यांनी रिक्षानं जायचं.

सिंगापूरवासी_सोलापुरी:

धागा वाचून राहवलं नाही. मी भैय्या चौकातला, आता बरीच वर्षं सिंगापुरात आहे.

इथलं रॅफल्स हॉटेल सर्वांना माहीत असेल. त्याच्या लाँग बारमध्ये सिंगापूर स्लिंग जन्मलं. हॉटेल जी गोष्ट सांगतं ती अशी: १९१५ च्या सुमारास तिथे ङियाम टोंग बून नावाचे हाइनानी बारटेंडर होते. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणं शोभत नसे. म्हणून त्यांनी फळांच्या रसासारखं दिसणारं गुलाबी पेय तयार केलं, आत जिन. तो गुलाबी रंग कशाचा? चेरीची लिक्युअर, म्हणजे फळाच्या स्वादाची गोड दारू, आणि ताईंचं ग्रेनेडीन. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या हॉटेल कॉकटेलमध्येही डाळिंबाला जागा आहे.

पण मला तिथे वेगळ्याच गोष्टीनं घरची आठवण आली. टेबलावर शेंगांची पोती ठेवलेली असतात आणि टरफलं खाली जमिनीवर टाकायची, हीच तिथली रीत. सिंगापुरात रस्त्यावर कागद टाकला तरी दंड, पण या बारमध्ये पायाखाली टरफलांचा खच. शेंगा सोलत बसलो आणि डोळ्यांसमोर गड्ड्याची जत्रा आली. सिद्धेश्वराच्या यात्रेत आपण असेच शेंगा खात फिरायचो की. पदार्थ आपला, पण त्या हॉटेलनं त्याला आपली ओळख करून टाकलं. सोलापूरच्या हॉटेलांनी शेंगा, कडक भाकरी, डाळिंब यांना तेवढा मान का देऊ नये?

जुनीगिरणी:

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो. लिहितो, राग मानू नये.

माझे वडील जुन्या गिरणीत होते. १८७७ ची गिरणी, अख्खं सोलापूर तिच्या भोंग्यावर चालायचं. १९६३ ला ती बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. वडील आधीही प्यायचे, नंतर जास्तच. पगाराच्या दिवशी आई गिरणीच्या दारात जाऊन उभी राहायची, पाकीट गुत्त्यावर जायच्या आत हातात यावं म्हणून. आमच्या चाळीत अशा कितीतरी आया होत्या. महाराष्ट्रात गावातल्या, वॉर्डातल्या बायकांना मतदान करून दारूचं दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला, बाटली आडवी करायचा, तो अशा आयांच्या हालांतून मिळाला आहे.

ताई, तुमचं लिखाण छान आहे, संत्र्याच्या सालीचा वास मला इथवर आला. त्यामुळेच काळजी वाटते. ग्लास इतका देखणा केला की त्यात दारू आहे हे माणूस विसरतो. नातू पंचविशीचा झालाय. त्यानं हे वाचलं तर त्याला काय वाटेल?

माळावरची:

काका, राग कसला. उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. तुमच्या आईंबद्दल वाचून थांबले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

दारूनं घर मोडतं हे मी नाकारत नाही. आमच्या माळावरही मोडलेली घरं पाहिली आहेत. डाळिंबावर तेल्या रोग आला, बागा उपटाव्या लागल्या, कर्ज राहिलं आणि माणूस बाटलीकडे गेला, असं घडलेलं आहे. म्हणून माझी मागणी दारू वाढवण्याची नाही. जी संध्याकाळ लोक आज घालवतातच आहेत, तिच्यातली खोटी गोष्ट काढून खरी घाला, एवढीच आहे.

आणि तुमच्या नातवाबद्दल. त्या रात्री ह्यांच्यासाठी बिनदारूचं काहीतरी द्या म्हटलं, तर तेच लाल सरबत सोड्यात घालून, वर छत्री खोचून आलं. ह्यांनी दोन घोट घेऊन बाजूला ठेवलं. न पिणाऱ्या माणसाला अशी पोरासारखी वागणूक का? आमच्या ओल्ड फॅशन्डवर जेवढा जीव लावला, तेवढाच त्यांच्या ग्लासावर लावला असता तर? खरा डाळिंबाचा रस, लिंबू, थोडं आलं, चांगला बर्फ. तुमच्या नातवाच्या हातात असा ग्लास असेल तर तो मित्रांमध्ये मान वर करून बसू शकेल. खरं डाळिंब बारमध्ये आलं तर सगळ्यात मोठा फायदा न पिणाऱ्याचा आहे, असं मला वाटतं.

शेकर_आणि_बर्फ:

नमस्कार. मी पूर्व भागातला, अशोक चौकाजवळ घर. घरी अजून यंत्रमागाचा खडखडाट आहे. मी मुंबईत एका पंचतारांकित हॉटेलच्या बारमागे काम करतो. घरी तेलुगू, बाहेर मराठी, कामावर इंग्रजी, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काकांचा मुद्दा मी रोज बघतो, म्हणून आधी त्यावर. कॉकटेलचा धोका रंगात नसतो, न मोजण्यात असतो. साधा हिशेब ठेवा. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची दारू ३० मिली, म्हणजे एक छोटा पेग, यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. निरोगी शरीराला तेवढं जिरवायला सुमारे एक तास लागतो. आता निग्रोनी घ्या. ३० मिली जिन, ३० कंपारी ही कडवट लाल लिक्युअर, ३० गोड व्हर्मूथ म्हणजे मसालेदार वाइन. दिसायला छोटासा ग्लास, पण आत जवळजवळ दोन पेगांएवढं अल्कोहोल. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये व्होडका, टकीला, रम, जिन आणि संत्र्याची लिक्युअर, प्रत्येकी १५ मिली. चव कोकसारखी, म्हणून पोरं दोन-तीन सहज मारतात आणि मग उठता येत नाही. होटगीरोड, तुम्ही आणि तुमचे मित्र पहिल्यांदा जाणार असाल तर ते मागवू नका. एक ग्लास, मग एक ग्लास पाणी, आणि आधी पोटात काहीतरी. भाकरी खाऊन गेलात तर सगळ्यात उत्तम.

साखर हीच खरी फसवी. बाटलीतलं ग्रेनेडीन दारूची धार पूर्ण झाकून टाकतं. खऱ्या डाळिंबाचा तुरटपणा ती झाकत नाही, माणूस थांबून थांबून पितो. मी दोन्ही प्रकार पाहुण्यांना दिले आहेत आणि हा फरक डोळ्यांनी पाहिला आहे.

आता बर्फ. ताईंनी पारदर्शक तुकड्याचं लिहिलंय. तो असा होतो: पाणी चारी बाजूंनी गोठू द्यायचं नाही. जाड थर्माकोलच्या डब्यात किंवा प्रवासाच्या शीतपेटीत भरून, झाकण काढून फ्रीजरमध्ये ठेवलं की ते फक्त वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाशी ढकलले जातात. पूर्ण गोठायच्या आत काढायचं, तळाचा पांढुरका भाग कापून टाकायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४३-४४ वर असताना, असा बर्फ जपणं म्हणजे कष्ट आहेत. त्या अक्कलकोटच्या पोराला माझा सलाम सांगा.

बर्फ नुसता थंडाव्यासाठी नसतो, पाण्यासाठी असतो. लिंबू किंवा रस असलेलं पेय शेकरमध्ये दहा-पंधरा सेकंद जोरात हलवलं की त्यात साधारण पाव हिस्सा पाणी उतरतं. ते पाणी हवंच असतं, त्याशिवाय चव उघडत नाही. नुसत्या दारूचं पेय मात्र हलवायचं नाही, ढवळायचं. हलवलं की ते गढूळ होतं आणि हवेनं फेसाळतं. मी पहिले काही महिने फक्त एवढंच शिकलो. आमचे सीनिअर शेकरमध्ये तांदूळ आणि पाणी घालून सराव करायला लावायचे. अजिबात दारू नाही.

खरं डाळिंब का नाही, तर तीन कारणं आहेत, आणि तिन्ही दूर होण्यासारखी आहेत. पहिलं खरेदी खातं. मोठं हॉटेल बिल, जीएसटी क्रमांक आणि अन्नसुरक्षेची नोंदणी असलेल्याकडूनच माल घेतं. शेतकरी क्रेट घेऊन दारात आला तर दरवानच परत पाठवतो. दुसरं टिकाऊपणा. बाटली महिनोन्‌महिने टिकते, ताजं सरबत फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे. तिसरं, कुणी मागत नाही. हे तिसरं सगळ्यात मोठं. पाहुण्यानं मागितलं आणि तक्रारवहीत लिहिलं की व्यवस्थापनाच्या बैठकीत ते वाचलं जातं. ताई, तुम्ही तिथे लिहून आलात का?

माळावरची:

हो, लिहून आले. नाव-नंबरासकट. त्या मुलाचं कौतुक आधी लिहिलं, मग डाळिंबाचं.

बाग_सांगोला:

रामराम. आम्ही भगवा जातीचं डाळिंब लावलेलं आहे. ताई, तुम्ही तडकलेल्या फळाचं काढलंत म्हणून लिहितो.

फळ तडकतं ते बहुतेक पाण्याच्या खेळानं. बराच काळ ताण बसला आणि अचानक पाऊस किंवा जास्त पाणी झालं की आतले दाणे फुगतात, साल साथ देत नाही. बोरॉन कमी पडलं तरी तडकतं. आतला दाणा एक नंबर असतो, पण व्यापारी हात लावत नाही. तोच दिवस, तोच दाणा, नुसती साल फाटली म्हणून भाव मातीला जातो. असं फळ झाडावर चार दिवस राहिलं तर बुरशी धरतं, म्हणून सरबतासाठी घ्यायचं तर तडकल्या दिवशीच तोडून फोडलं पाहिजे. जुनं तडकलेलं कुणालाही देऊ नये, मी स्वतः देणार नाही.

जातीचंही सांगतो. रंगासाठी भगवाच. दाणा गडद लाल, गोडी भरपूर, आंबटपणा कमी. गणेश जातीचा दाणा फिकट गुलाबी, चव छान पण ग्लासात रंग दिसणार नाही. भगव्याला आंबटपणा कमी म्हणून सरबतात लिंबू पिळावं लागेल. माल आमच्याकडे बहराप्रमाणे, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाप्रमाणे, येतो. मृग बहराचा थंडीत, आंबे बहराचा पावसाळ्यात, हस्ताचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. वेगवेगळ्या बागा धरल्या तर वर्षातला बराच काळ ताजा दाणा मिळू शकतो.

नोंदणीचं शेकरभाऊ म्हणाले ते खरं आहे, पण अवघड नाही. आमच्या गटातल्या बायका बचत गटातून शेंगा चटणी करतात, त्यांची अन्नसुरक्षा नोंदणी आहेच. त्याच जागेत रस काढता येईल का, हे मी त्यांना विचारतो. हॉटेलला पक्कं बिल हवं ना, ते देता येईल.

एक बाजूची गोष्ट. बांधावरचं घायपात आपण कुंपण म्हणून सोडून देतो. आंध्रात चित्तूरकडे दख्खनच्या पठारावरच्या याच झाडापासून दारू गाळतात आणि ती मोठ्या बारमध्ये विकली जाते. टकीलाही घायपाताच्याच कुळातली, पण या दारूला टकीला म्हणता येत नाही, कारण ते नाव मेक्सिकोच्या मालाला राखीव आहे. आपल्या माळावर काय काय आहे याचा विचार आपणच करत नाही.

कडकभाकरी:

शेंगा चटणी निघालीच आहे तर माझं ऐका. आजकाल ग्लासाच्या कडेला मीठ-तिखट लावतात. तिथे शेंगा चटणी लावावी असं एका शेफनं मला सांगितलं, मी घरी पेरूच्या रसाबरोबर करून पाहिलं. नको. सोलापूरची चटणी कुटलेली, तिला तेल सुटलेलं असतं. रसावर तवंग येतो आणि ग्लासाची कडा बोटांना लागते. कडेला नुसतं मीठ आणि भाजलेल्या लाल मिरचीची पूड लावा. चटणी बाजूला वाटीत, दह्याबरोबर, आणि कडक भाकरीचे तुकडे. पापडासारखी मोडते, तेलकट नाही, आणि चिप्सच्या पाकिटापेक्षा पोटाला कितीतरी बरी. हॉटेलात पाहुण्याला ती मिळाली तर तो बंगळुरूला जाऊन चार जणांना सांगेल.

जुनीगिरणी:

शेकरभाऊंनी हिशेब ग्रॅममध्ये मांडला ते आवडलं. माझ्या वडिलांना असं कुणी मोजून दाखवलं नाही. नातवाला हा धागा वाचायला दिला आहे. माझं मत दारूबद्दल बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. पण न पिणाऱ्यासाठी जो ग्लास ताई म्हणतात तो कसा करायचा, ते सविस्तर लिहा. घरात सगळ्यांसाठी करतो.

होटगीरोड:

मलाही पाहिजे की. आणि शेकरभाऊ, ताज्या सरबताचं बकार्डी कॉकटेल करायचं तर माप काय?

शेकर_आणि_बर्फ:

पांढरी रम ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, ग्रेनेडीन १० मिली. भरपूर बर्फ, जोरात हलवा, थंड केलेल्या ग्लासात गाळा. घरचं सरबत बाटलीतल्यापेक्षा कमी गोड असतं, म्हणून आधी चाखून पाच मिली वाढवा. पंचवीस पूर्ण झालेली असतील तरच, वकीलसाहेबांनी सांगितलंय.

माळावरची:

काका, घ्या. मी घरी करते ते लिहिते.

दाणे मोकळे करून सुती फडक्यात किंवा पुरणयंत्रात दाबून रस काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, बी भरडली गेली की रस कडवट होतो. रस मोजा आणि वजनाला तेवढीच साखर घ्या. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, अल्युमिनियम नको, फळ आंबट आहे. उकळू द्यायचं नाही. साखर विरघळली की लगेच उतरवा, नाहीतर लाल रंग तपकिरीकडे जातो आणि ताजेपणा मरतो. गार झाल्यावर लिंबू पिळा, चिमूटभर मीठ टाका. उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये. दोन आठवड्यांत संपवा. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, हवं तेव्हा एक-एक खडा काढता येतो.

ग्लाससाठी: उंच ग्लासात बर्फ, ३० मिली हे सरबत, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेल्या आल्याचा चमचाभर रस, वर सोडा. एकदाच हलक्या हातानं ढवळा. दोन-चार दाणे वर टाका. नातवासाठी साखर कमी हवी असेल तर सरबताऐवजी नुसता ताजा रस ६० मिली घ्या आणि सोडा कमी करा.

बाग_सांगोला दादा, बचत गटातल्या ताईंशी बोलणं झालं की इथे लिहा. हॉटेलच्या व्यवस्थापकांचा फोन आला होता, त्यांना नमुन्याची एक बाटली हवी आहे. शुक्रवारच्या आत मिळाली तर मीच नेऊन देते.

बाग_सांगोला:

गुरुवारी सोलापूरला टेम्पो येतोय. ताज्या मालाचे दाणे काढून ठेवायला सांगितलंय. ताई, बाटली काचेची घेऊ की प्लॅस्टिकची?

माळावरची:

काचेची, अर्ध्या लिटरची. लेबलावर तारीख, नोंदणी क्रमांक आणि गावाचं नाव घाला.